सत्यभामानं बांधला ट्रक

नवेगाव बांध या गावी बसस्टँडवरून तलावाकडे जाताना उजव्या हाताला एक वेल्डिंगचं दुकान लागतं. दुकान म्हणजे घराचीच पडवी. पुढं रस्त्यावर ट्रॅक्टरच्या दोन-तीन ट्रॉल्या नेहमी उभ्या, एखादं धान मळायचं यंत्र पोट उघडून पडलेलं, आणि त्यांच्यामध्ये लुगड्यावर पुरुषी शर्ट चढवून, डोळ्यांपुढं काळी काच धरून बसलेली सत्यभामा पुस्तोडे. नवं गिऱ्हाईक आलं की आधी इकडंतिकडं पाहतं आणि विचारतं, "वेल्डर कुठं गेला जी?" ती काच खाली करते आणि म्हणते, "बोला."

वेल्डिंग ती कुणाकडं शिकायला गेली नव्हती. तिचा दीर हैदराबादला कामाला गेला तेव्हा मशीन पडवीत ठेवून गेला. चार महिन्यांत येतो म्हणाला, तिकडंच राहिला. मशीनवर धूळ बसलेली तिला बघवेना. तिनं एक तुटकी कुदळ जोडून पाहिली. पहिल्याच घावाला ती सुटली. दुसऱ्यांदा जोडली तीही सुटली. तिसऱ्यांदा जोडलेली कुदळ अजून घरात आहे. पुढं गावातली फाटकं आली, मग ट्रॉल्या आल्या, आणि लेक खुशबू शाळेत जाऊ लागली तोवर आसपासच्या गावांतले लोक मोडलेलं लोखंड घेऊन सरळ तिच्याकडेच यायला लागले.

तिचा नवरा भूपेंद्र ट्रक चालवायचा. गोंदियाच्या मिलांमधला तांदूळ भरायचा आणि निघायचा. कधी बस्तरकडे, कधी विशाखापट्टणमला, कधी नागपूरवरून आणखी पुढं. पंधरा दिवसांनी घरी यायचा, जेवायचा, झोपायचा आणि पुन्हा निघायचा. जेवताना मात्र तो सांगायचा. केशकालच्या घाटात ट्रक कसा मुंगीसारखा चढतो. विशाखापट्टणमला रस्ता डोंगरावरून खाली उतरतो तेव्हा अचानक समोर समुद्र कसा उभा राहतो. सत्यभामा भाकरी थापता थापता ऐकायची. ही सगळी गावं तिला तोंडपाठ होती. पाहिली होती ती गोंदिया, नागपूर, आणि नागऱ्याच्या महादेवाची जत्रा, एवढीच.

मग भूपेंद्रची कंबर गेली. डॉक्टरनं ट्रक सोडायला सांगितलं आणि त्यानं तो आनंदानं सोडला. अंगणात आंब्याखाली बाज टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आता ट्रकवर पाय ठेवत नाई. उभी जिंदगी सीटवर झोपून काढली, आता बाजेवर झोपून काढतो."

हे त्याचं व्रत वर्षभर नीट चाललं होतं. मग एक दिवस पुण्याचं एक जोडपं दुकानापुढं येऊन थांबलं.

त्यांचा ट्रक साधा नव्हता. चाकं उंच, पुढं जाड लोखंडी आडवा दांडा, आणि मागं हौद्याच्या जागी एक खोली. खोलीला खिडकी, खिडकीला पडदा. बस्तरच्या जंगलातून येताना चाकावरचा स्प्रिंगचा पाटा धरणारा लोखंडी कान तुटला होता. सत्यभामानं ट्रकखाली पडून तो जोडला. जोडून झाल्यावर त्या बाईनं तिला आत बोलावलं. बाई तिच्याच वयाची होती. आत पलंग होता, छोटा ओटा होता, ओट्यावर गॅसची शेगडी होती. बाईनं तिथंच चहा ठेवला. सत्यभामानं चहा घेतला आणि पेला हातात धरूनच खोलीचे कोपरे न्याहाळले. पाइप कुठं जोडलाय, पत्रा कुठं दुमडलाय, पलंगाखालच्या जागेत काय काय बसवलंय. मग तिनं एकच विचारलं, "मन लागलं त्या जागी थांबता तुमी?"

"हो," बाई म्हणाली. "आवडलं की थांबतो."

ट्रक निघून गेला. सत्यभामानं त्या दिवशी दुसरं काम हातात घेतलं नाही.

संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "मी तसा बनवतो."

"काय बनवतो?"

"झोपाचा ट्रक. आत पलंग, शेगडी, पान्याची टाकी. कच्च्या रस्त्यानं जाईन असा. कुठंई जाचं, कुठंई थांबाचं."

भूपेंद्रनं हातातला घास ताटात ठेवला. "ट्रकात झोपून झोपून माही कंबर गेली. आन तुले आता हौस आली? कायले?"

"तुमी झोपले ट्रकात. मी कुठं झोपलो?"

त्यानं घास उचलला, चावून गिळला आणि मग म्हणाला, "बनव. तुह्या हाताले कोन धरलं? पन मी चालवनार नाई."

"नका चालवू. मी चालवीन."

तो हसला. ती हसली नाही, म्हणून त्याचं हसू लवकर थांबलं.

ट्रक मिळाला गोंदियात, ईश्वरदास नावाच्या भंगारवाल्याच्या आवारात. फौजेच्या लिलावातून निघालेला, इंजिन चारही चाकांना ओढ देतं असला छोटा ट्रक. कुणीतरी तो बोअरवेलच्या कामाला वापरला आणि मग उभा करून टाकला. पुढच्या बंपरमधून बेशरमाचं झुडूप वर आलं होतं. ईश्वरदास तिला ओळखत होता, कारण ती त्याच्याकडूनच पत्रे न्यायची.

"भाभीजी, ये पहाड चढनेवाली गाडी है," तो म्हणाला. "इसमें आपकी ट्रॉली नहीं लगेगी."

"ट्रॉली लगानाच नहीं है," ती म्हणाली आणि चिखलात आडवी होऊन ट्रकच्या पोटाखाली शिरली. बाहेर आली तेव्हा शर्ट काळा झाला होता आणि तिचा निर्णय झाला होता. सांगाडा सरळ होता, कुठं तडा नव्हता. गंज वरवरचा होता. कागदपत्रं नीट होती.

धान मळून झालं आणि कामांची गर्दी ओसरली तेव्हा ट्रक दोरानं ओढत घरामागच्या वाडीत आणला. गाडीत असा बदल करायचा तर आधी आरटीओची मंजुरी लागते. खुशबू लग्नानंतर गोंदियातच राहायची. तिनं आईचं रेखाटन नीट काढून दिलं, अर्ज केला, साहेबांना दाखवलं. त्यांनी रुंदी-उंचीच्या मर्यादा सांगितल्या, बदल झाल्यावर तपासणीला गाडी आणा म्हणाले. फोनवर खुशबूनं विचारलं, "आई, पक्का ना? मग बीच में छोडून नको देजो."

"मी कोनतं काम बीचमदी सोडलं?" आईनं विचारलं. लेकीला एकही आठवेना.

इंजिन अर्जुनीच्या मिस्त्रीनं उघडून बांधून दिलं. बाकी सगळं तिचं. रोज सकाळी दुकानाचं काम, दुपारनंतर ट्रक. तारेच्या ब्रशनं सांगाडा घासला, रंगवला. चौकोनी पाइपांची खोली उभी केली. नुसता पत्रा ठोकला तर गोंदियाच्या उन्हात आतला माणूस शिजून निघेल हे तिला माहीत होतं, म्हणून एका बंद पडलेल्या शीतगृहाच्या भिंती तिनं आणल्या, दोन पत्र्यांच्या मध्ये जाड फोम असतो त्या. ट्रॉली कशी, जेवढी मजबूत तेवढी चांगली. ट्रॉलीत धान भरतात, विटा भरतात, लोक वरात नेतात. त्याच हातानं तिनं ही खोलीही बांधली. प्रत्येक कोपऱ्याला आडवा आधार, आणि खाली दोन्ही बाजूंनी जाड बोल्ट मारून खोली ट्रकच्या सांगाड्याला आवळून टाकली. हलायला जागाच ठेवली नाही.

आवळताना भूपेंद्र बाजेवरून म्हणाला, "ट्रक चालते तवा थोडी पिरगळते. लई आवळू नको."

"ढिल्लं काम मी करत नाई," ती म्हणाली.

तो कूस बदलून झोपला. पण त्याचं झोपणं आता पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. पलंगाच्या मापासाठी तिनं त्याला एकदा प्लायवूडवर आडवं केलं आणि भोवती खडूनं रेघ मारली.

"मेलेल्या मानसाचं माप घेतल्यावानी काऊन घेऊन राहिली?"

"जित्याचं घेऊन राहिलो. पाय लांब करा."

त्याच्या कमरेला गादी चालत नाही हे तिला ठाऊक होतं. पलंग तिनं नवारीचा विणला, घरच्या बाजेपेक्षा घट्ट. त्यानं त्यावर पडून पाहिलं. बराच वेळ उठला नाही.

गाडी चालवायला ती शिकली ती घरच्या वाडीतच. ट्रॅक्टर तिला येत होता. पहिल्या दिवशी वाडीत ट्रक पुढंमागं करताना गिअरचा असा आवाज निघाला, की आंब्याखाली बाजेवर पडलेला भूपेंद्र उठून बसला. दुसऱ्यांदा आवाज आला तेव्हा त्यानं चप्पल घातली. तिसऱ्यांदा तो खिडकीशी येऊन उभा होता.

"क्लच हाये तो. पायपुसनं नोहे."

"मग सांगा."

"मी चढनार नाई म्हनलं होतं."

"खालूनच सांगा."

दोन दिवस त्यानं खालून सांगितलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या सीटवर चढून बसला. ओझ्याची गाडी उतारावर कशी गिअरमध्ये धरायची, आरशात काय पाहायचं, समोरचा ट्रक इशारा देतो त्याचा अर्थ काय. उभ्या जिंदगीत त्यानं इतकं कुणाला शिकवलं नव्हतं. तिनं रीतसर परीक्षा दिली, लायसन्स काढलं. आरटीओत गाडीची तपासणीही झाली. रांगेत ती एकटीच बाई होती. कुणी काही बोललं असतं तरी तिचं लक्ष आरशात होतं.

पहिला प्रवास जवळचाच ठरला. चोरखमाऱ्याच्या तलावाजवळ तिची मोठी बहीण अनुसयाबाई राहायची. जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं, बहिणीला ट्रक दाखवायचा आणि परत यायचं. डांबरी रस्त्यानं ट्रक झकास गेला. बहिणीच्या गावात बाया ट्रकवर चढून, पलंगावर बसून, नळाचं पाणी हातावर घेऊन पाहून गेल्या. अनुसयाबाईनं तांदळाच्या पापड्या आणि सुक्या झिंग्यांची पुडी बांधून दिली.

परतताना सत्यभामा म्हणाली, "तलावाच्या कडंनं जाऊ. कच्च्या रस्त्यासाठीच तर बनवला."

भूपेंद्रची कंबर धरली होती. तो म्हणाला, "जाय. मी मांगं पडतो थोडासा. हळू चालव."

तो मागं खोलीत जाऊन नवारीवर आडवा झाला. ती कालव्याच्या बाजूनं निघाली. तिथं धानाच्या रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरांनी केलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झाल्या होत्या. एक चाक वर, दुसरं खड्ड्यात. तिनं ट्रक सावकाश घातला. पुढचं डावं चाक धुऱ्यावर, शेताच्या बांधावर चढलं, मागचं उजवं चाकही उंचवट्यावर आलं, आणि मागून असा आवाज आला, की जणू कुणी कापड नाही तर लोखंड टरकावलं.

ती उतरून मागं धावली. खोलीचं दार उघडेना. चौकट वाकडी झाली होती आणि दार तिच्यात अडकलं होतं.

"भूपेंद्र," तिनं हाक मारली. नावानं ती त्याला सहसा हाक मारत नसे.

खिडकीचा पडदा सरला. "मी बरा हावो," आतून तो म्हणाला. "काय मोडलं?"

"दार अडकलं. सब्बल आनतो, तोडतो."

"तोडू नको. आयक. ट्रक सपाट जागेवर घे."

"दार उघडत नाई अन ट्रक कायले सरकवू?"

"घे म्हनलं ना. अंगन बरोबर असलं तं घर बरोबर उभं राहते. घे."

ती चढली. इंचाइंचानं मागं घेत ट्रक कालव्याच्या पाळीवर सपाट जागेवर आणला. उतरून मागं आली तर दार आपोआप उघडलेलं आणि भूपेंद्र पायरीवर बसलेला.

तिला तिथंच सगळं कळलं. ट्रक खाचखळग्यात पिरगळतो, ते त्याचं चालणंच आहे. तिची खोली मात्र पिरगळायला तयार नव्हती, आणि तिनंच तिला सगळीकडून बांधून टाकलं होतं. पुढचा कोपरा फाटला होता. तिनं बोट फिरवून पाहिलं. जोड जशाचा तसा होता, त्याच्या बाजूचा पाइप फाटला होता. एकाच वेळी तिला बरंही वाटलं आणि लाजही वाटली.

"तुमी सांगितलं होतं," ती म्हणाली.

"सांगितलं होतं. पन उपाय मले बी माहीत नाई. माह्या ट्रकवर हौदा होता, हौदा आवाज करते, आपन गानं मोठं करतो." तो पायरीवरून उतरला. "आता तू सोच."

तिनं वाटेतच विचार केला. घरी पोचेपर्यंत तिच्या डोक्यात तांदळाच्या मिलमधली चाळणी घुमत होती. ती चाळणी दिवसभर थडथड हलते आणि तरी मिलची भिंत हलत नाही, कारण चाळणी जाड स्प्रिंगांवर बसवलेली असते. तसल्या स्प्रिंगा तिनं कितीदा बदलून दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिनं सगळे बोल्ट काढले, खोली उचलून बाजूला ठेवली आणि खाली एक वेगळी लोखंडी चौकट बनवली. मागच्या बाजूला ती चौकट ट्रकला पक्की बांधली. पुढच्या बाजूला मात्र स्प्रिंगांवर ठेवली, म्हणजे सांगाडा पिरगळला की पुढं फट पडेल, स्प्रिंग ती गिळेल आणि खोली सरळ राहील. फाटलेला पाइप काढून नवा घातला. हा बदलही खुशबूनं साहेबांना दाखवून मंजूर करून घेतला.

मग दोघांनी ट्रक आपल्याच बांधीत, धानाच्या शेतात नेला. धान कापून झालेली, जमीन मोकळी. एक चाक या धुऱ्यावर, तिरकं दुसरं चाक त्या धुऱ्यावर. खाली सांगाडा पिळवटला, स्प्रिंगा दबल्या, कुरकुरल्या. भूपेंद्र आत उभा राहून दार उघडत होता, लावत होता, उघडत होता.

"लागते," तो आतून म्हणाला. "पुन्ना लागते. तू कितीबी वाकडी कर, लागते."

"बस झालं. दाराचे कबजे झिजवाल," ती म्हणाली, पण तिनं त्याला थांबवलं नाही.

दिवाळीनंतर लवकर पिकणारं हलकं धान घरात आलं आणि ते दोघं बस्तरकडे निघाले. केशकालचा घाट तिला पाहायचा होता. सारा रस्ता ती चालवत होती आणि तो शेजारी बसून बोलत होता. हा ढाबा, इथला मालक वारला. हे वळण, इथं एकदा माझा एक्सल तुटला आणि पाऊस लागला. घाटाच्या तोंडाशी मात्र तो दोन्ही हातांनी सीट धरून समोर पाहत बसला.

"बोला ना," ती म्हणाली. "इथलंच तं तुमी सगळ्यात जास्त सांगत होते."

"सांगत होतो," तो म्हणाला. "भेव लागे ते नाई सांगलं. हरेकदा लागे."

तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही, कारण समोर वळण होतं. गिअर खाली टाकला आणि ट्रक त्यानंच शिकवला होता तसा सावकाश चढवला. वर पोचल्यावर तिनं तो रस्त्याच्या कडेला मोकळ्या जागेत लावला. दोघं उतरून कठड्याशी उभे राहिले. खाली सगळं जंगल होतं आणि चढून आलेला रस्ता वळवळत गेलेला दिसत होता. भूपेंद्रनं खाली पाहत पाहत चहा मागितला. तिनं शेगडी पेटवली. त्यानं तो चहा उभ्यानं, सावकाश प्याला. इतक्या फेऱ्यांत इथं तो कधी थांबला नव्हता. ट्रक उभा करायला मालकाची परवानगी नसायची.

मुक्काम तिथून पुढं एका गावाबाहेर केला. सकाळी उशिरापर्यंत तो झोपला. उठला तेव्हा कमरेवर हात ठेवून, वाकून पाहिलं, मग सरळ झाला. "दुखत नाई," एवढंच म्हणाला.

पुढं एका ठिकाणी रस्ता नाल्यात उतरत होता. पूल दूर होता, नाल्यातून जायला गाडीवाट होती. भूपेंद्र म्हणाला पुलावरून जाऊ. सत्यभामा म्हणाली, पाणी गुडघ्याएवढंच दिसतं. वाद फार चालला नाही. तो उतरला, धोतर वर खोचलं, काठी घेऊन पाण्यात शिरला आणि तळ चाचपत पलीकडं गेला. मग मागं वळून दोन्ही हातांनी खुणा करू लागला. डावीकडं घे. सरळ. आणखी सरळ. येऊ दे, येऊ दे. चारही चाकांनी वाळू पकडली, पाणी दोन्ही बाजूंना फाकलं, आणि ट्रक त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिला.

"पुढं आनखी नाले असतीन," त्यानं चढता चढता सांगितलं.

"असू द्या," ती म्हणाली.

त्यानंतर ते विशाखापट्टणमला जाऊन आले. अमरकंटकला दोनदा गेले. भूपेंद्रची बाज अजून आंब्याखाली आहे, बहुतेक वेळ तिच्यावर लाल मिरच्या वाळत घातलेल्या असतात. सत्यभामाच्या वाडीत सध्या दुसरा ट्रक उभा आहे. नागपूरच्या एका जनावरांच्या डॉक्टरीणबाईला जंगलातल्या गावांत जाऊन राहायला तो हवा आहे. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी छापील चित्र दाखवलं आणि अगदी असाच पाहिजे म्हणाल्या. सत्यभामानं चित्र पाहिलं, बाजूला ठेवलं आणि त्यांना प्लायवूडवर आडवं व्हायला सांगितलं. भूपेंद्रनं खडू आणून दिला.